वाघाच्या डोक्यावरचं बक्षीस

1818 च्या फेब्रुवारीत सर टॉमस हिस्लॉपची फौज तापीकाठी थाळनेरच्या किल्ल्यापुढे येऊन ठाकली. मंदसोरच्या तहात होळकरांनी हा मुलूख कंपनीला लिहून दिला होता, पण किल्लेदार तुळशीराम मामांनी तोफा डागल्या. किल्ला पडला आणि किल्लेदाराला फासावर चढवलं गेलं. जूनमध्ये मालेगावच्या भुईकोटातल्या अरबांनीही हत्यारं खाली ठेवली आणि खानदेश इंग्रजांचा झाला. जमीन काळीभोर, तापी-गिरणा-पांझरेच्या पाण्यावर पोसलेली. मात्र ती कसायला माणसं उरली नव्हती.

त्याआधीची सोळा वर्षं या मुलखाने काय सोसलं होतं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढची सगळी वाघांची हकिकत त्यातूनच निघते. 1802 साली यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, जाळला. दोन वर्षं पेरा झाला नाही. त्यावर 1803-04 चा दुष्काळ आला. जे जगले ते मिळेल त्या दिशेने निघून गेले. राहिलेल्यांच्या मागे मक्तेदारांची वसुली, अरब शिबंदीचं कर्ज आणि पेंढाऱ्यांच्या धाडी लागल्या. दफ्तरात गावामागून गाव बेचिराग म्हणून लागत गेलं. पांढरीवरच्या भिंती ढासळल्या आणि काळीत बाभूळ, बोर, पळस माजले. कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने 1819 साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात खानदेशाचं चित्र हेच आहे: दाट झाडी, तीत वाघांचा सुकाळ आणि मधूनमधून जुन्या गावांचे अवशेष.

पडीक रानात आधी गवत येतं, मागून रोही, हरणं आणि डुकरं येतात. त्यांच्या मागावर वाघ उतरतो. सातपुड्यातला, सातमाळ्यातला वाघ असा मैदानात आला. त्याने कुणाच्या घरात घुसखोरी केली नव्हती. घरं आधीच ओस पडली होती. हे मी आवर्जून लिहितो, कारण नंतरच्या इंग्रजी लिखाणात खानदेशचे वाघ जणू अनादि काळापासून तिथे माणसं खात बसले होते आणि साहेबाने येऊन रयतेला सोडवलं, असा सूर लागतो. खरं पाहता अकबराच्या काळापासून हा सुबा भरल्या गोकुळासारखा नांदत होता. वाघ माजला तो माणसांनी माणसांची गावं उठवल्यामुळे.

कंपनीने कॅप्टन जॉन ब्रिग्जला पोलिटिकल एजंट म्हणून इथे नेमलं. त्याने धुळ्याला ठाणं केलं, पेठ वसवली आणि परागंदा रयतेला परत बोलवायला सुरुवात केली. नेहमीचे उपाय होते: पडीक जमीन कौलाने द्यायची, पहिली काही वर्षं सारा नाममात्र ठेवायचा, बैल-बियाण्याला तगाई द्यायची. लोक येऊ लागले. आणि येणाऱ्यांची गाठ वाघाशी पडू लागली.

1822 सालचा सरकारी आकडा आजही वाचवत नाही. त्या एका वर्षात खानदेशात जंगली जनावरांनी 500 माणसं आणि 20,000 गुरं मारली. त्याच सुमारास मे, जून, जुलै या तीन महिन्यांत साठ वाघ मारले गेले. आकडे गोळाबेरीज आहेत हे उघड आहे. पाटलाने सांगितलं, कारकुनाने लिहिलं, साहेबाने शून्यं पुरी केली. पण निम्मे धरले तरी चित्र भयंकर आहे. वस्ती तुरळक, गोठे कुडाचे, राखोळीला पोरंटोरं. बैलजोडीतला एक बैल गेला की दुसरा निरुपयोगी, नांगर कोपऱ्यात आणि तगाई डोक्यावर. नव्याने वसलेलं कुटुंब पुन्हा चंबूगबाळं आवरून वाटेला लागायचं. वाघाने बैल खाल्ला म्हणजे सरकारचा सारा खाल्ला, हा हिशेब ब्रिग्जला नेमका कळत होता. म्हणून वाघ मारणं हे खानदेशात सुरुवातीपासून महसुलाचं काम झालं.

याआधी या देशात वाघाची शिकार होत नव्हती असं नाही. राजे-बादशहा करत, जहागीरदार करत. ज्या गावचा वाघ माणसाला सोकावला तिथे गाव एकजुटीने त्याचा निकाल लावे. पण वाघ ही जातच मुलखातून निपटून काढायची आणि त्यासाठी खजिन्यातून दर डोई पैसे मोजायचे, ही कल्पना कंपनी सरकारबरोबर आली. महेश रंगराजन यांच्यासारख्या इतिहासकारांनी हा फरक नीट उलगडून दाखवला आहे. इंग्लंडमध्ये लांडगा शतकांपूर्वीच संपवलेला होता. त्या देशातून आलेल्या अधिकाऱ्याला हिंस्र जनावर नसलेला मुलूख हीच सुधारलेल्या मुलखाची खूण वाटत होती.

त्या रानात आणखी कुणी राहत होतं, ते म्हणजे भिल्ल.

पेशवाईच्या बऱ्या दिवसांत भिल्ल गावचा जागल्या होता. चोरीचा माग काढायचा, वाट राखायची, त्याबद्दल गावाकडून ठरलेला हक्क घ्यायचा. गावंच उठल्यावर हक्क कुणाकडे मागणार? भिल्ल डोंगरात गेले आणि धाडी घालू लागले. मराठी अंमलाने त्यांच्याशी जे वर्तन केलं ते आपणच लिहायला हवं. कोपरगावला तहाच्या बोलीने बोलावलेल्या भिल्लांना घेरून त्यांची कत्तल झाली आणि प्रेतं विहिरींत टाकली गेली. बायकामुलंही सुटली नाहीत. अशा कत्तली खानदेशात आणखीही ठिकाणी झाल्या. इंग्रजांनी पहिली काही वर्षं हाच कित्ता जरा कायदेशीर करून गिरवला: घाट बंद करायचे, दाणागोटा तोडायचा, नाईकांच्या डोक्यावर इनाम लावायचं. चील नाईकासारखे पुढारी पकडून फासावर दिले. त्या काळचे अहवाल वाचताना एक गोष्ट सारखी टोचते. वाघ आणि भिल्ल दोघांचा उल्लेख एकाच परिच्छेदात येतो, दोघांसाठी शब्दही पुष्कळदा सारखेच असतात, आणि उपायही एकच: शोधा, कोंडा, मारा, मारणाऱ्याला पैसे द्या.

भिल्लांच्या बाबतीत हा उपाय फसला. 1825 साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने धोरण फिरवलं. भिल्लांना शेतीला लावायचं, त्यांच्या जुन्या हक्कांची चौकशी करायची आणि त्यांच्यातल्याच तरुणांची पलटण उभी करायची. धरणगावला भिल्ल पलटणीचं ठाणं झालं आणि ती उभारायचं काम बावीस वर्षांच्या एका लेफ्टनंटला दिलं. त्याचं नाव जेम्स औट्रम. पुढे लखनौच्या वेढ्यामुळे त्याचं नाव विलायतभर झालं, त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं. पण त्याची घडण खानदेशच्या रानात झाली.

भिल्ल पलटणीत यायला तयार नव्हते. हत्यारं खाली ठेवा म्हणून बोलावायचं आणि कापून काढायचं, हा अनुभव ताजा होता. औट्रम त्यांच्या पाड्यांवर एकटा जाऊन राहिला, त्यांच्यात बसला आणि त्यांना घेऊन वाघामागे निघाला. त्याच्या चरित्रात 1825 च्या उन्हाळ्यातला एक प्रसंग आहे. खंडू नावाच्या भिल्लाने डोंगराच्या उतारावर वाघ हेरला. औट्रम पायी वर चढला, गोळी झाडली आणि वाघाने थेट त्याच्यावर झेप घेतली. दोघं एकमेकांत गुंतून गडगडत उताराच्या पायथ्याशी आले. खाली पोचताच औट्रमने कमरेचं पिस्तूल काढून वाघ ठार केला. रक्तबंबाळ साहेबाला पाहून भिल्ल घाबरले, तर मांजराने ओरबाडल्याचं कसलं कौतुक, असं म्हणून त्याने ते उडवून लावलं. ही गोष्ट पाड्यापाड्यांत गेली नसेल तरच नवल.

दुसरा प्रसंग याहून बोलका आहे. वाघ काटेरी जाळीत दडला होता आणि बाजूने दिसत नव्हता. वर एका झाडाची फांदी जाळीवर आली होती. औट्रम फांदीवर गेला, पण तिथूनही नेम धरता येईना. तेव्हा भिल्लांनी आपापली पागोटी सोडून एकमेकांना गाठ मारली, ती त्याच्या काखेतून घेतली आणि त्याला जाळीवर अधांतरी सोडलं. तसाच लोंबकळत त्याने बार काढला आणि वाघ जागीच पडला. चरित्रकाराने हा प्रसंग औट्रमच्या धाडसाचा नमुना म्हणून सांगितला आहे आणि धाडस ते होतंच. पण ती पागोटी ज्यांनी धरली होती त्यांच्याकडे पाहा. दोन-तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या नाईकांना सरकारने फाशी दिलं, त्यांच्या हातांत सरकारच्या अधिकाऱ्याचा जीव टांगलेला होता आणि त्यांनी हात ढिला केला नाही. पलटण उभी राहिली ती या विश्वासावर. दोन-तीन वर्षांतच तिची भरती शेकड्यांवर गेली आणि 1828 च्या सुमारास कलेक्टरने वर कळवलं, की वीस वर्षांत पहिल्यांदाच मुलखाला सलग सहा महिने शांतता लाभली.

शिकारीचा हंगाम चैत्र-वैशाखाचा. नद्या आटतात, झाडी विरळ होते आणि मोजक्याच डोहांशी पाणी उरतं. वाघ पाण्यापासून लांब जात नाही. पहाटे भिल्ल पाणवठ्यावरच्या वाळूत माग पाहायचे: पंजा किती ताजा, नर की मादी, कुठल्या नाल्यात उतरला. मग आमिषाला रेडकू बांधून गारा करायचा आणि वाघ त्यावर आला की दुपारच्या टिपेला रान घेरायचं. ढोल, डबे, आरोळ्या यांचा हाकारा एका बाजूने सुरू होऊन वाघाला बंदुकांच्या दिशेने रेटत न्यायचा. यातलं ज्ञान सगळं भिल्लांचं, पायपीट त्यांची आणि चवताळलेला वाघ हाकाऱ्यावर उलटला तर पहिला घास त्यांचाच. साहेबाकडे बंदूक होती.

1825 ते 1834 या दहा वर्षांत औट्रम आणि त्याच्या खानदेशातल्या शिकारी मंडळींनी 235 वाघ मारले. त्यातल्या 191 वाघांच्या वेळी औट्रम स्वतः हजर होता. शिवाय पंचवीस अस्वलं, बारा रानरेडे आणि सोळा बिबटे. जखमी होऊन निसटलेल्या वाघांचीही मोजदाद ठेवली आहे, ते बावीस. हाकाऱ्यात मेलेल्या किंवा लुळ्यापांगळ्या झालेल्या भिल्लांची संख्या मात्र या हिशेबात नाही.

आणि वाघ हा भिल्लांचा देवही होता. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा आजही वाघदेवाला पुजतात; लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर वाघ कोरून शिवेवर मांडतात, नैवेद्य दाखवतात. गुरं राख, वाट दे, एवढंच त्याच्याकडे मागणं असतं. वाघाशी असा करार करून राहणाऱ्या माणसांनी त्याचा माग काढून द्यावा, ही साधी गोष्ट नाही. पोटाला पगार होता, पाठीवर पलटणीचा डगला होता, बायकोपोरांना कुणी कापणार नव्हतं. त्यांनी काय तोललं असेल ते आपण समजू शकतो. त्यांनी स्वतः त्याबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही आणि त्यांच्या वतीने मी लिहू नये.

बंदुकीने वाघ कमी झाले, हे खरं. पण खानदेशातून त्यांचा पाय निघाला तो नांगरामुळे. शांतता आली तसे लेवा पाटील, गुजर, मराठा, माळी यांनी पडीक रानं लागवडीला आणली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जमिनीची मोजणी आणि नवी आकारणी सुरू झाली. तिच्याविरुद्ध 1852 साली यावल, सावदा, फैजपूरकडे दंगेही झाले, पण मोजणी पुढे रेटली गेली. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडी चाळीसगाव-भुसावळवरून पुढे गेली. रुळांखालच्या शिलिपाटांसाठी आणि इंजिनाच्या भट्टीसाठी झाडी तुटली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत कपाशी उभी राहिली. 1872 च्या खानेसुमारीत खानदेशची वस्ती दहा लाखांवर गेली होती. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्या मैदानात वाघाच्या भीतीने वाटसरू एकटा निघत नव्हता, तिथून वाघ हटून सातपुडा आणि पश्चिमेच्या, दक्षिणेच्या डोंगरांत गेला. 1880 साली खानदेशचं गॅझेटियर छापलं गेलं, तेव्हा मैदानातला वाघ हा सांगोवांगीचा विषय झाला होता.

गंमत ही, की वाघ असा आक्रसत चालला असतानाच बक्षिसाची पद्धत देशभर पक्की होत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत हिंदुस्थान सरकार दरसाल तक्ते छापू लागलं: कुठल्या जनावराने किती माणसं मारली, किती गुरं मारली, किती जनावरं नष्ट केली, किती रुपये वाटले. वाघाचा दर सगळ्यांत चढा, त्याखाली बिबट्या, मग अस्वल, लांडगा, तरस. बछड्यांचे दर कमी. चित्ताही या यादीत होता. माणसाला तो सहसा कधी काही करत नाही, तरी त्याच्यावर बक्षीस लागलं.

पैसे मिळवायची रीत ठरलेली होती. मारलेलं जनावर किंवा त्याचं मुंडक्यासकट कातडं घेऊन मामलेदार कचेरीत यायचं. कारकून जात पाहणार, पूर्ण वाढीचं की पिल्लू ते ठरवणार, कुठल्या शिवारात मारलं ते पाटलाच्या दाखल्याशी ताडून घेणार. मग कान कापून टाकायचे किंवा अशीच काही खूण करायची, म्हणजे तेच कातडं पुढच्या तालुक्यात पुन्हा वटू नये. मिशा बहुधा कचेरीपर्यंत येतच नसत, वाटेतच जाळलेल्या असत. वाघाच्या मिशीचा केस पोटात गेला की माणूस मरतो अशी ठाम समजूत होती. सही-शिक्का झाला की रुपये. कोल्ह्याचं कातडं लांडग्याचं म्हणून खपवल्याच्या, बिळातली पिल्लं काढून आणून डोई मोजून दिल्याच्या तक्रारी उत्तरेकडच्या प्रांतांत वारंवार झाल्या. पैसा डोक्यावर ठेवला की त्रासदायक जनावरापेक्षा सहज हाती लागणारं जनावर आधी मरतं.

आपल्या कोकणातही हा प्रयोग झाला आणि तो वाघावर नव्हे, फुरसं या सापावर. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं इतकं, की दर डोई सहा पै बक्षीस जाहीर होताच 1862 च्या डिसेंबरात आठवड्याभरात लाखावर फुरशी कचेऱ्यांत जमा झाली. जांभ्याच्या सड्यावरचे दगड उलटायचे, काठीने दाबायचं, मडक्यात भरायचं. खजिना मोकळा होत गेला. रत्नागिरीच्या सड्यावर आजही शेतकरी दगड उचलताना आधी काठी घालून बघतो.

रंगराजन यांनी सरकारी तक्त्यांवरून काढलेला हिशेब असा, की 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात बक्षिसासाठी 80,000 हून अधिक वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. बक्षिसासाठी न आणलेले, राजेरजवाड्यांनी मारलेले, जखमी होऊन झुडपात मेलेले यात नाहीत. त्याच काळात वाघांनी मारलेल्या माणसांचा सरकारी आकडा देशभरात वर्षाला साधारण आठशे-नऊशेच्या घरात राही, तर सर्पदंशाने वीसेक हजार माणसं दगावत.

मला या सगळ्यात सर्वांत मोठी चूक दिसते ती यादीत जे नाही त्यात. वाघ आहे, बिबट्या आहे, लांडगा, तरस, साप आहे. रानडुक्कर नाही.

शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने पहिलं नाव डुकराचं घेतलं असतं. वाघ वर्षातून एखादा बैल नेतो, कधी काळी माणूस. डुक्कर पेरणीपासून खळ्यापर्यंत पाठ सोडत नाही. पेरलेल्या तासातला दाणा अन् दाणा ते वासावर उकरून काढतं, एका रात्रीत तास सरळ रेषेत नांगरल्यासारखे उपसलेले दिसतात. ज्वारी, मका दुधात आली की कळप शिरतो. जेवढं खातो त्याच्या कितीतरी पट लोळून-तुडवून मातीत घालतो. हरभरा, भुईमूग, रताळी, ऊस यातलं काही सुटत नाही. माळ्यावर रात्र-रात्र बसून गोफण फिरवायची, डबे बडवायचे, टेंभे पेटवायचे, आणि पहाटे डोळा लागला तेवढ्यात शेत गेलेलं असायचं.

डुकरावर बक्षीस न लागायची कारणं सरळ होती. सारा ठरलेला होता. पीक डुकराने खाल्लं की माणसाने, सरकारला तेवढाच रोख भरायचा होता. दुसरं कारण साहेबांच्या छंदाचं. घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारणं हा लष्करी अधिकाऱ्यांचा लाडका खेळ. अहमदनगरची शिकारी मंडळी त्यासाठी देशभर नावाजलेली. त्यांच्या लेखी डुकराला बंदुकीने मारणं म्हणजे नीचपणा, आणि छंदासाठी डुकरं भरपूर राहणं गरजेचं.

1878 साली दोन कायदे एकाच वर्षी झाले आणि त्यांनी शेतकऱ्याचे उरलेसुरले हात बांधले. शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली. गोऱ्यांना त्यातून सूट होती. कायद्याच्या व्याख्येत बंदूक, तलवार, भाला तर होतेच, धनुष्यबाणसुद्धा होते. पीकसंरक्षणासाठी परवाने मिळत. पण ते कुणाला आणि किती हे कलेक्टरच्या मर्जीवर. दुसरा वन कायदा. त्याने राखीव जंगलं आखली आणि त्यांच्या हद्दीत भिल्ल, पारधी, कातकरी यांची शिकार गुन्ह्यात जमा झाली. डुक्कर मारून खाणारी, गावाच्या शिवाराभोवती आपसूक त्यांचा बंदोबस्त ठेवणारी हीच तर माणसं होती. वरून डुकराला खाणारा वाघ पैसे देऊन मारवला आणि खालून डुकराला मारणारा माणूस कायद्याने अडवला. मधल्या मध्ये डुक्कर वाढलं.

हे त्या काळी कुणाला कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. मध्य प्रांतात वनाधिकारी म्हणून हिंडलेल्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथने 1871 साली छापलेल्या पुस्तकात वाघांचे स्वच्छ तीन प्रकार केले आहेत: रानातल्या शिकारीवर जगणारा, गुरं उचलणारा आणि माणसं खाणारा. पहिला प्रकार शेतकऱ्याचा मित्रच आहे, कारण पिकं खाणाऱ्या हरणा-डुकरांना तोच आवरतो, असं त्याने लिहून ठेवलं. फॉर्सिथ स्वतः पट्टीचा शिकारी होता, वाघाबद्दल त्याला भाबडं प्रेम नव्हतं. पण बक्षिसाच्या तक्त्याला या तीन वाघांतला फरक करता येत नव्हता. कचेरीच्या ओट्यावर पडलेलं कातडं हे नुसतं कातडं असतं; त्या वाघाने उभ्या जन्मात बैलाकडे पाहिलं होतं की नाही, हे कोण सांगणार?

विसाव्या शतकात बक्षिसं हळूहळू आटली, शिकारीचे परवाने आले, स्वातंत्र्यानंतर जीपगाडी आणि सर्चलाइट आले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार कायमची बंद केली. तोवर खानदेशच्या मैदानातल्या वाघाला जाऊन शतक उलटलं होतं. चित्ता तर तोवर देशातूनच गेला होता.

डुक्कर राहिलं. आज जळगाव-धुळ्याच्या, विदर्भ-मराठवाड्याच्या कुठल्याही गावात पारावर बसा, बोलणं डुकरावर आणि रोह्यावर येतं. शेताभोवती जुन्या साड्या बांधलेल्या दिसतात. ज्याला परवडतं तो झटका मशीन लावतो. न परवडणारा कधी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतो आणि तिला चिकटून डुकराऐवजी वाघ मरतो, शेजारचा माणूस मरतो, कधी स्वतः शेतकरीच मरतो. 2015 साली राज्य सरकारने उपद्रवी रानडुक्कर आणि नीलगाय मारायला परवानगीची वाट काढली. पुढच्या वर्षी चंद्रपुरात बाहेरून आणलेल्या नेमबाजाने पन्नासावर डुकरं मारली, त्यावर दिल्लीपर्यंत वाद झाला. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना मला एवढंच म्हणायचं आहे, की पीक गमावलेल्या माणसाला प्राणिप्रेमाचे धडे देऊ नयेत, आणि नेमबाज आणून कळप टिपल्याने प्रश्न मिटला असंही सांगू नये. डुकरी एका वेतात पाच-सहा पिल्लं घालते. गोळीने कमी झालेला कळप वर्षा-दोन वर्षांत भरून निघतो.

दरम्यान मुक्ताईनगर तालुक्यात, डोलारखेडा-चारठाण्याच्या शिवारात, वाघ परत आले आहेत. मेळघाटाकडून अंबाबरवा-वढोद्याच्या जंगलातून ते पूर्णाकाठच्या केळीच्या बागांत उतरतात. बागेत गारवा असतो, पाणी असतं, आणि केळीच्या मुळाशी तोंड घालायला डुकरांचे कळप येतात. तिथले शेतकरी वाघाला घाबरतात आणि घाबरायलाच हवं. पण त्यांची मागणी वाघ मारा अशी नसते. शेतीपंपाला वीज रात्री येते, म्हणून पाणी भरायला रात्रीच बागेत जावं लागतं. ती दिवसा द्या, आणि जनावर मेलं तर पंचनाम्यानंतर पैसे वेळेवर द्या, असं ते सांगतात. दोन्ही गोष्टी सरकारच्या हातातल्या आहेत आणि दोन्हींसाठी त्यांचे अर्ज पडून आहेत.